बालपण आठवणे आणि बाल्यात राहणे

मुलांसाठी बसवलेल्या गाण्यांच्या, बाहुल्यांच्या किंवा नाटकांच्या प्रयोगाला मोठी माणसे केवळ मुलांना सोबत म्हणून येत नाहीत, तर प्रयोग रंगला की स्वतःच गाऊ लागतात, टाळ्यांचा ठेका धरतात आणि क्वचित डोळेही पुसतात, ही गोष्ट महाराष्ट्रात आता कोणाला नवलाची वाटत नाही. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’तर्फे रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले आणि मराठी बालरंगभूमीला स्वतःचे घर मिळाले; पुढे मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मधील दिलीप प्रभावळकरांच्या चेटकिणीने एका पिढीला घाबरवले आणि हसवलेही. तेच नाटक २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली, वैभव मांगले यांना चेटकीण करून पुन्हा उभे राहिले, तेव्हा तिकीट काढणारे हात जुन्या चेटकिणीला भ्यालेल्यांचे होते. यशवंत केशव पाध्ये यांनी घडवलेले बोलके बाहुले अर्धवटराव त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसून बोलू लागले की आजोबा, मुलगा आणि नातू एकाच विनोदाला हसतात. सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांच्या ‘अग्गोबाई ढग्गोबाई’तील गाणी ज्यांनी शाळकरी वयात पाठ केली, ते आज नोकरीला लागलेले आहेत आणि त्या गाण्यांच्या कार्यक्रमाला स्वतःच्या हौसेने जातात. वऱ्हाडात असे प्रयोग अमरावतीच्या संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात किंवा अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात होतात, आणि अमरावती–यवतमाळ रस्त्यावरच्या नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावाहून त्यासाठी मुलांना घेऊन जाणे म्हणजे घरातल्या सर्वांचा दिवसभराचा बेत असतो.

या दृश्याकडे समाजशास्त्राच्या किंवा बाजारपेठेच्या अंगाने पाहता येते, आणि तसे पुष्कळदा पाहिलेही जाते. येथे विचारायचा प्रश्न मात्र निराळा आहे. प्रौढ माणसाने काही काळ पुन्हा मूल होणे याला धर्मदृष्ट्या आणि तत्त्वदृष्ट्या काय म्हणावे? ज्या मोहातून सुटण्याचा उपदेश सर्व अध्यात्मपरंपरा करतात, त्याच मोहाचे हे एक गोड रूप आहे, की चित्त हलके करणारी, म्हणून स्वीकारण्याजोगी अवस्था आहे?

पहिली बाजू वैराग्याची आहे आणि ती दुबळी नाही. पतंजलींनी चित्ताच्या ज्या पाच वृत्ती, म्हणजे चित्ताला येणारे आकार, सांगितल्या त्यांत स्मृती ही एक आहे. अनुभवलेला विषय चित्तातून निसटू न देणे हे तिचे लक्षण, आणि योग म्हणजे या पाचही वृत्तींचा निरोध. या हिशेबाने, जुने गाणे ऐकून गहिवरणारा माणूस चित्ताला शांत करत नसून साठवलेले संस्कार, म्हणजे पूर्वानुभवाचे मनावर उरलेले ठसे, पुन्हा ओले करत असतो. त्यात ही स्मृती प्रामाणिकही नसते. सेंट ऑगस्टीन या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्याने आपल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथात असा युक्तिवाद केला आहे की मरण आणि पुन्हा बालपण यांतून एक निवडायला सांगितले तर कोणीही दचकून मरणच पत्करील, कारण बालपण हे अज्ञानाचे, भीतीचे आणि शिक्षेचे वय असते. हे मत टोकाचे वाटले तरी त्यातील एक अंश खरा आहे. वऱ्हाडातल्या किती घरांत दिवाळीच्या मागेपुढे पोरांची शाळा बुडायची ती कापूस वेचणीमुळे. गणिताच्या तासाची धडकी, परक्यांच्या अंगणात मिळालेली वागणूक आणि रिकामे डबे हेही बालपणच होते. सभागृहात आठवते ते बालपण मात्र यांतले बरेचसे गाळून उरलेले असते, आणि ज्याच्या वाट्याला गाण्यांची तबकडी किंवा नाटकाचे तिकीट कधी आलेच नाही, त्याला त्या सभागृहात आठवण्यासारखे काही नसते. तेव्हा ही आठवण भूतकाळाचे ज्ञान नसून वर्तमानाच्या थकव्याने भूतकाळावर चढवलेला मुलामा आहे, असा आक्षेप येतो.

या आक्षेपाला दिलेले एक उत्तर परंपरेतच आहे. स्मृतीला वृत्ती म्हणून रोखायला सांगणारे पतंजलीच समाधीकडे नेणाऱ्या साधनांत श्रद्धा आणि वीर्य यांच्याबरोबर स्मृतीलाही स्थान देतात. आणि गीतेच्या अखेरीस अर्जुन आपला मोह गेल्याची व स्मृती परत मिळाल्याची कबुली एकाच श्लोकात देतो, म्हणजे तेथे स्मृती ही मोहाची बहीण नसून त्याच्यावरचा उतारा ठरते. याचा अर्थ स्मृती एकाच जातीची नसते, आणि सभागृहातला प्रौढ कोणत्या जातीची स्मृती अनुभवतो हे तपासल्याशिवाय निकाल देता येत नाही.

या तपासणीसाठी न्यायदर्शनाने केलेला भेद उपयोगी पडतो. नैयायिकांच्या मते केवळ संस्कारापासून उपजणारे ज्ञान ते स्मरण. ते पूर्वी जाणलेलेच पुन्हा जाणते, नवे काही देत नाही, म्हणून त्याला प्रमा, म्हणजे यथार्थ आणि स्वतंत्र ज्ञान, असा दर्जा ते देत नाहीत. प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख पटणे, ही वेगळी गोष्ट आहे. पूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आज समोर उभा राहिला आणि ‘हा तोच’ असे कळले, तर त्या जाणिवेत संस्काराबरोबर डोळ्यांसमोरचे प्रत्यक्षही असते; म्हणून तिच्यातून जुन्या आणि नव्या काळांना जोडणारे एक नवे ज्ञान मिळते. याच ओळखीच्या बळावर नैयायिकांनी आणि वेदान्त्यांनी बौद्धांच्या क्षणिकवादाला, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नवी असते या मताला, प्रत्युत्तर दिले: पूर्वी ऐकणारा आणि आज ओळखणारा एकच नसेल तर ओळख पटायची कोणाला?

गाण्याने पटणारी ओळख किती खोल जाते हे कालिदासाला माहीत होते. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात राणी हंसपदिकेचे गाणे कानावर पडताच सर्व सुखांत असलेला दुष्यंत अकारण व्याकूळ होतो, आणि आपल्याला काय आठवते आहे हे त्याला सांगता येत नाही, मागच्या जन्मींची काही नाती मनात रुतून बसलेली असावीत, एवढाच तर्क तो करतो. अभिनवगुप्ताने रसचर्चेत या प्रसंगाची दखल घेतली ती उगाच नव्हे. ज्या आठवणीला निश्चित विषय नाही ती खासगी राहत नाही. माझे-तुझे हा भेद गळून भाव सर्वांचा होतो, आणि यालाच काव्यशास्त्रात साधारणीकरण म्हणतात. सभागृहात एकमेकांना न ओळखणारे दोनशे प्रौढ एकाच ओळीला एकाच क्षणी ताल देतात तेव्हा प्रत्येकाचे घर, आई आणि शाळा निराळी असते. सामायिक असतो तो केवळ भाव. म्हणून ऑगस्टीनचा आक्षेप येथे पुरेसा लागू पडत नाही, कारण गाणे बालपणाच्या हकिगतीविषयी साक्ष देतच नाही. हकिगत चुकीची असली तरी भावाची ओळख खरी असू शकते.

तरीही ओळख पटण्याने माणूस बदलतो की नाही, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर सभागृहापेक्षा वऱ्हाडातल्या अंगणात अधिक स्पष्ट दिसते. पश्चिम महाराष्ट्रात जसा भोंडला, तशी वऱ्हाडात आणि खानदेशात भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत, म्हणजे सुमारे महिनाभर, भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती घरी बसवतात. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात, मुली संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. झाकणबंद डबा कानाजवळ नेऊन हलवायचा, आत खुळखुळते की घसरते ते ऐकायचे, गोड का तिखट एवढेच विचारायचे, आणि फुटाणे, मुरमुरे, लाडू अशी एकेक नावे घेत शेवटी हार कबूल करायची. मग डबा उघडतो आणि वाटप होते. नांदगाव खंडेश्वरचे नावच ज्याच्या देवळावरून पडले तो खंडेश्वर दगडी, यादवकालीन घडणीच्या मंदिरात शतकानुशतके स्थिर आहे. तोच महादेव भाद्रपदात मुलींच्या पाटावर मातीचा होऊन बसतो आणि महिन्याने पाण्यात जातो. मोठ्यांचा देव आणि मुलींचा भुलोजी यांत वऱ्हाडी घराला कधी विरोध वाटला नाही.

या गाण्यांचा विषय मात्र बालिश नाही. सासर, सासू, नणंद, माहेरी धाडण्याची टाळाटाळ आणि माहेरच्या वाटेकडे लागलेले डोळे यांनी ती भरलेली आहेत. याचे कारण इतिहासात आहे: १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले, तेही कागदावर; त्याआधी, आणि नंतरही बराच काळ, टिपऱ्या हाती धरण्याच्या वयातच मुलगी सासरी जात असे. म्हणजे ही गाणी रचणाऱ्या बाया स्वतः आठवणीत बुडालेल्या होत्या आणि गाणाऱ्या पोरींना त्या आठवणीचा अर्थ अजून कळायचा होता. आठ वर्षांची मुलगी सासुरवासाचे गाणे हसत म्हणते. तीच स्त्री चाळिशीत भुलाबाईच्या कार्यक्रमात तेच म्हणते तेव्हा तिला पूर्वीचे गाणे परत मिळत नाही, तर पूर्वी न कळलेले गाणे पहिल्यांदा मिळते. न्यायाच्या परिभाषेत सांगायचे तर येथे स्मरणावर भागत नाही. प्रत्यभिज्ञा होते आणि तिच्यात नवे ज्ञान असते.

भुलाबाईत आणखी एक सोय आहे. हा खेळ मुलींचा आहे आणि तो दर वर्षी आजच्या मुलींकडूनच खेळला जातो. आई, मावशी, आजी मागे बसतात, विसरलेली ओळ सुचवतात, पण फेर मुलींचा असतो आणि डब्यात काय आहे हे ठाऊक असणाऱ्या बाईला ते न सांगण्याची शिस्त पाळावी लागते. तिचा आनंद मुलीच्या न ओळखण्यावर अवलंबून असतो. अलीकडे महिला मंडळांचे भुलाबाईचे कार्यक्रम आणि स्पर्धा होतात, त्यांत एकसारख्या साड्या, ध्वनिक्षेपक आणि परीक्षकही असतात. त्यामुळे विस्मरणात चाललेली गाणी टिकतात हे खरे, पण ज्या कार्यक्रमात एकही मुलगी नसते तेथे खिरापत ओळखण्याचा खेळ लुटुपुटूचा होतो, कारण न कळण्याचा मान घेणारे कोणी उरत नाही.

येथे श्रुतीतील एका वचनाकडे वळावे लागते, कारण प्रौढाने बाल्यात राहण्याचा आदेश तेथे स्पष्ट आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य कहोलाला सांगतात की पांडित्य पूर्ण करून ज्ञात्याने बाल्यात राहण्याची इच्छा धरावी, आणि मग मुनी व्हावे. हे बाल्य म्हणजे काय, याची चर्चा ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात येते. पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढण्यासाठी आधी मांडलेले मत, असे की बालकासारखे मनाला येईल तसे वागावे, खाण्यापिण्याचे आणि मलमूत्राचेही बंधन पाळू नये. सिद्धान्त याच्या उलट आहे. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार येथे घ्यायची ती बालकाची स्वैरता नव्हे, तर त्याच्या मनाची शुद्धता: दंभ आणि दर्प यांचा अभाव, आणि आपली विद्या, आपला धार्मिकपणा यांचे प्रदर्शन न करणे. मुलाला अजून मिरवण्यासारखे काही गोळा करता आलेले नसते म्हणून ते निरागस असते. ज्ञात्याने गोळा केलेले असूनही मिरवायचे नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना अमानित्व आणि अदंभित्व ही दोन सर्वांत आधी येतात, हे या सिद्धान्ताशी जुळणारेच आहे.

या निर्णयाने सभागृहातल्या प्रश्नाचे स्वरूप बदलते. बाल्य ही मागे राहिलेली जागा नसून पांडित्याच्या पुढची पायरी आहे. तेथे परत जायचे नसते, पोचायचे असते. वेदान्तात महावाक्याचा, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच असे सांगणाऱ्या उपनिषदातील वाक्याचा, अर्थ लावताना देवदत्ताचेच उदाहरण घेतात आणि सांगतात की ‘तो’ आणि ‘हा’ यांतील काळ आणि स्थळ हे विरोधी भाग सोडून उरलेला देवदत्त तेवढा घ्यावा. काही अर्थ टाकून काही राखण्याच्या या रीतीला जहदजहल्लक्षणा म्हणतात. ही रीत येथे लावली तर प्रौढाला दोन्हीकडचे काही सोडावे लागते. आजचा हुद्दा, वय, लोक काय म्हणतील ही भीती सुटते तेव्हा तो हातवारे करत गाऊ शकतो. पण त्याने कालचाही आग्रह सोडला पाहिजे, म्हणजे गाणे पूर्वीच्याच चालीत हवे, चेटकीण पूर्वीचीच चांगली होती, आमच्या वेळची मजा आता नाही, हा अभिमानही गेला पाहिजे. बहुतेकांना पहिला त्याग जमतो आणि दुसरा जमत नाही. आठवणीची प्रौढी ही प्रौढीच असते, आणि तिच्यात बाल्याचा लवलेश नसतो.

महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने हा दुहेरी त्याग सामूहिक विधीत बसवला आहे. गावोगावच्या हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. त्या दिवशी कीर्तनकार कृष्णाच्या बाळलीला लावतो, वेदान्त बाजूला ठेवून चेंडूफळी, हुतूतू, हमामा यांचे वर्णन रंगवतो, आणि शेवटी हंडी फुटून दही-लाह्यांचा काला वाटला जातो. एरवी गावात एकमेकांना वयाने, पैशाने आणि जातीने तोलणारे लोक तेथे एकाच काल्याला हात पुढे करतात. वारीच्या वाटेवर साठी उलटलेले वारकरी फुगडी घालतात, ती कोणाला आपले बालपण आठवते म्हणून नव्हे. ते स्वतःचे बालपण जगत नसून कृष्णाच्या सवंगड्यांचे जगतात, म्हणून ज्याचे स्वतःचे बालपण हालांत गेले त्यालाही त्यात पूर्ण वाटा मिळतो. स्मरणरंजनाची मर्यादा, म्हणजे ज्याला गोड भूतकाळ आहे त्यालाच ते परवडते, ही येथे ओलांडली जाते.

बालभावाला आठवणीची गरज नाही, याचे सर्वांत ठळक उदाहरण वऱ्हाडातच आहे. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे १८८१ मध्ये जन्मलेले गुलाबराव महाराज वर्षाचेही नसताना दृष्टी गमावून बसले; चार वर्षांचे असताना आई गेली. अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ सांगणाऱ्या या प्रज्ञाचक्षु पंडिताने स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हटले. ज्ञानेश्वरांनी आपल्याला मांडीवर घेऊन स्वनामाचा मंत्र दिला, असा अनुभव त्यांना १९०१ मध्ये आला अशी त्यांच्या संप्रदायाची श्रद्धा आहे. म्हणजे विशीतल्या, गृहस्थ असलेल्या पुरुषाने सहाशे वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेल्या पित्याची लेक होणे पत्करले. त्यांच्या मधुराद्वैताचा, म्हणजे अद्वैत मानूनही भक्तीचे माधुर्य राखणाऱ्या मताचा, पाया अशा नात्यात आहे. येथे मागे वळून पाहण्याजोगे बालपण जवळजवळ नव्हतेच. पांडित्य होते, आणि त्या पांडित्यासह कोणाच्या तरी मांडीवर लहान होण्याची तयारी होती. याज्ञवल्क्यांनी सांगितलेला क्रम तो हाच.

या सर्व विवेचनातून सभागृहासाठी एक कसोटी निघते, आणि ती गायकाच्या दर्जात किंवा श्रोत्याच्या अश्रूंत नाही. ती शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मुलात आहे. बालगीतांच्या कार्यक्रमात काही वेळा असे दिसते की आई-वडील भ्रमणध्वनी उंच धरून आपल्या आवडीचे गाणे टिपत असतात, गायक ‘पालकांनो, आता तुम्ही’ असे म्हणत प्रौढांकडून पुढच्या ओळी गाऊन घेतो, आणि ज्याच्यासाठी तिकीट काढले ते पोर समोरच्या खांद्यांमधून रंगमंच शोधत असते. त्याला ते गाणे माहीत नसते, आणि ते माहीत करून घेण्याचा त्याचा वेळ मोठ्यांच्या माहितीने खाऊन टाकलेला असतो. अशा वेळी मोठ्यांनी मुलाकडून त्याचे बालपण उसने घेतलेले असते आणि परत करण्याचे त्यांच्या लक्षात नसते. उलट, मूल नको तिथे हसते, चेटकिणीला भ्यायचे तर तिच्यावर लुब्ध होते, ठरलेल्या ओळीऐवजी भलतीच ओळ म्हणते, आणि मोठा माणूस त्याला दुरुस्त न करता त्याच्या मागे जातो, तेव्हा आपल्याला अधिक कळते हे न मिरवण्याचा भाष्यकारांनी सांगितलेला गुण तेथे, नकळत का होईना, आचरणात उतरतो.

म्हणून मूळ प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही, पण निश्चित उत्तर देता येते. आपले बालपण परत मिळावे म्हणून जो त्या प्रयोगाला जातो त्याचे सुख निरुपद्रवी असले तरी ते मोहाच्याच प्रांतातले आहे, आणि वैराग्यवाद्यांचा आक्षेप त्याला लागू पडतो. जुन्या गाण्यात आज नवा अर्थ ज्याला दिसतो त्याने स्मरणाकडून प्रत्यभिज्ञेकडे एक पाऊल टाकलेले असते. आणि शेजारच्या मुलापुढे जो आपली आठवणही मिरवत नाही, त्याचे बाल्य उपनिषदाला अभिप्रेत असलेल्या बाल्याच्या जातीचे आहे, मग ते तासाभरापुरते का असेना. बालनाट्य करणाऱ्यांनी, बालगीते गाणाऱ्यांनी आणि भुलाबाईचे कार्यक्रम भरवणाऱ्यांनीही यातून घ्यावे असे काही आहे: प्रौढांना त्यांच्या भूतकाळात नेणे सोपे असते आणि टाळ्याही त्यालाच मिळतात, पण प्रयोग मुलांच्या हाती ठेवून मोठ्यांना त्यांच्या मागे बसवणे हे त्या कलेचे खरे काम आहे, आणि धर्मदृष्टीनेही तेच अधिक मोलाचे आहे.